पाण्यात जळणारं तेल

मीठताई हे नाव तिला कारखान्यातल्या माणसांनी ठेवलं, तेही पाठीमागे, कारण तोंडावर ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण असली नावं लपून राहत नाहीत. एकदा पंपावरच्या माणसाने चुकून तिला तशी हाक मारली आणि जीभ चावून उभा राहिला. तिने हातातला पाना खाली ठेवला, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बरं आहे की. माझ्या खऱ्या नावापेक्षा कामाचं आहे." त्या दिवसापासून ती उघड उघड मीठताई झाली.

तिचा कारखाना म्हणजे गावाच्या टोकाला उभी असलेली एक पत्र्याची शेड. पूर्वी त्या आवारात ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप होतं. तिथे वर्षानुवर्षं काढलेलं जुनं तेल पिंपांत भरून मागच्या भिंतीला लावून ठेवत. वर्कशॉप बंद पडलं, मालक निघून गेले, पिंपं मात्र राहिली. त्या तेलात क्लोरीनची अशी संयुगं होती की ती कुजत नाहीत, विटत नाहीत, उन्हापावसाला दाद देत नाहीत. मातीत गेली की मातीत, माशात गेली की माशात, आणि मासा खाणाऱ्याच्या अंगात गेली की तिथेच मुक्काम ठोकतात. पिंपं गंजून पाझरायला लागली तेव्हा आवारातल्या विहिरीला झाकण घालावं लागलं. हे विष कायमचं मोडायचं यासाठी ती शेड उभी राहिली, आणि शेडमधलं यंत्र चालवायचं काम मीठताईकडे आलं.

विष मोडायचं कशाने, तर पाण्याने. हे ऐकल्यावर पाहुणा हमखास हसतो. मीठताई त्याला पोटभर हसू देते आणि मग सुरू होते.

"पाण्याला पावणेचारशे डिग्रीच्या वर न्यायचं, आणि हवेच्या सव्वादोनशे पट दाबाखाली दाबून धरायचं. मग ते पाणीही राहत नाही आणि वाफही होत नाही. मधलंच काहीतरी होतं. आणि स्वभाव असा फिरतो की ओळखू येत नाही! एरवी तेलाशी त्याचं उभं वैर, पण तिथे तेलाला पोटात घेतं. एरवी मिठाला पोटात घेतं, पण तिथे मीठ बाहेर टाकतं. वरून ऑक्सिजन सोडला की तेल पाण्यातल्या पाण्यात जळून जातं. ज्वाळा नाही, धूर नाही, काजळी नाही."

"मग प्रश्नच मिटला," पाहुणा म्हणतो.

"तिथूनच तर सुरू होतो. क्लोरीन सुटतं त्याचं आम्ल होतं. आम्लाला आवरायला आम्ही कॉस्टिक सोडा घालतो, त्याचं होतं मीठ. साधं, आपलं जेवणातलं मीठ. आणि ते त्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून नळीला आतून चिकटून बसतं. नळी केवढी? या करंगळीएवढी. विष मारायला तिथे सगळे हजर असतात, मीठ काढायला मी एकटी."

यात बढाई होती, पण खोटं नव्हतं. नळीच्या दोन टोकांना दाब दाखवणारे दोन गेज होते, आणि त्यांच्यातलं अंतर वाढायला लागलं की नळीत मीठ धरतंय हे तिला कळायचं. मग ती आच उतरवायची. "जरा गार होऊ दे, पाणी पुन्हा माणसात येईल आणि मिठाला आपणहून घेऊन जाईल," असं म्हणत ती स्टूलवर बसून राहायची, आणि दहापैकी नऊ वेळा तसंच व्हायचं. दहाव्या वेळी ती नळीला शिव्या घालायची.

ही सगळी विद्या ती शाळेत शिकली नव्हती. तरुणपणी ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात लागली, चादरी उकळायच्या बॉयलरवर. आधीचा बॉयलरवाला दारू पिऊन झोपायचा म्हणून तिला तात्पुरतं उभं केलं होतं. ती तात्पुरती उभी राहिली ती धुलाईघर बंद होईपर्यंत. मधल्या काळात तिने परवान्याची परीक्षा दिली, लग्न केलं, एका मुलीला वाढवलं आणि नवऱ्याला गाडी सुरक्षित चालवायची सवय लावली. नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर असतो. महिन्यातून दोनदा घरी येतो आणि दोन्ही वेळा तिच्या शब्दाबाहेर नसतो.

यंत्राच्या बाबतीत तिचा एकच कायदा होता आणि तो तिने शेडच्या दारावर रंगवून घेतला होता: तपासलं नाही, तर थेंब नाही. प्रत्येक पिंपातलं तेल आधी प्रयोगशाळेत जायचं. त्यात क्लोरीन किती ते कळलं की त्या मानाने कॉस्टिक धरायचं. अंदाज चुकला आणि कॉस्टिक कमी पडलं, तर उरलेलं आम्ल नळीला खाऊन टाकतं, आणि सगळ्यात जास्त खातं ते पाणी गार होत येतं त्या वळणावर. एकदा कुणीतरी अर्ध्या बादलीला काय होतंय म्हणून न तपासलेलं तेल टाकीत ओतायला निघालं होतं. तिने त्याची अशी हजेरी घेतली की तो माणूस आठवडाभर बादलीकडे बघायलाही धजावला नाही.

शेड उभी राहताना आजूबाजूच्या वस्तीचा विरोध होता. विषाचा कारखाना दाराशी नको, असं लोकांचं म्हणणं, आणि ते काही चूक नव्हतं. मीठताई स्वतः त्याच वस्तीत राहायची. तिने घरोघरी जाऊन सांगितलं की विष दाराशी आलेलं नाही, ते तुमच्या दाराशी आधीपासूनच आहे, आम्ही ते न्यायला आलोय. लोकांना शेडमध्ये आणून दाखवलं. जे भांडायला आले ते चहा पिऊन गेले. पटवून देण्यात तिचा हात धरणारं त्या वस्तीत कुणी नव्हतं.

एकाच माणसाला तिचं म्हणणं पटत नव्हतं, आणि तो तिच्याच घरात राहत होता.

तिचे वडील त्या जुन्या वर्कशॉपमध्ये वाइंडर होते. तांब्याची तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मरची कॉइल बांधायची हे त्यांचं काम. उभा जन्म त्यांचे हात कोपरापर्यंत तेलात होते. त्या काळी कामगार हात धुवायला तेल वापरत, दाराच्या बिजागरीला तेल घालत, खरचटलं तर तेल लावत. आता वय झालं होतं, गुडघे बोलत होते, आणि रोज संध्याकाळी खाटेखालची मोठी काचेची बाटली काढून ते गुडघ्यांना तेल चोळत. तेच तेल. मुलगी दिवसभर जे मोडायला झटायची, तेच.

"बाबा, हे विष आहे," ती सांगायची.

"मला बघ. मेलोय का?"

"कुणाला लगेच मारत नाही ते. अंगात साठतं."

"साठू दे. माझ्या अंगात आता दुसरं काय साठणार आहे?"

यावर ती चिडायची, ते शांत बसायचे. ती आकडे सांगायची, ते चोळत राहायचे. ती ओरडायची तेव्हा ते ऐकण्याचं यंत्र कानातून काढून ठेवायचे. साऱ्या वस्तीला गप्प करणारी बाई त्या खाटेसमोर हात टेकायची.

असंच चालत राहिलं असतं, पण तिची लेक बाळंत झाली. लेक दुसऱ्या गावी नोकरीला, जावई सतत फिरतीवर, आणि बाळ रात्रीचा दिवस करणारं. लेकीने फोनवर सांगितलं, "आई, मी बाळाला घेऊन काही महिने तिकडेच येते." मीठताई हरखून गेली. मागची छोटी खोली रंगवायची, पाळणा कुठे बांधायचा, सगळं तिने एका दमात ठरवलं. तेवढ्यात लेक म्हणाली, "आजोबांची ती बाटली अजून आहे का गं?"

मीठताईची नजर खाटेखाली गेली.

"तूच मला शिकवलंस ते सगळं," लेक म्हणाली. "दुधातून जातं म्हणालीस, लहान बाळांना जास्त बाधतं म्हणालीस. ते हात आजोबा बाळाला लावणार. मी त्यांना नाही म्हणू शकणार नाही, आणि हो म्हणायला माझा जीव धजत नाही. बाटली असेल तर मी येत नाही, आई."

लेक आईवरच गेली होती, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मीठताईने त्या संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. पणतीला बघायचं असेल तर बाटली द्या, अशा शब्दांत. वडिलांनी बाटली खाटेखाली सारली. मग म्हणाले, "त्या तेलाला विष म्हणू नकोस माझ्यासमोर." एवढंच. ऐकण्याचं यंत्रही काढलं नाही.

मीठताईला वाटलं, हा निव्वळ हट्ट. आणि हट्टाला हट्टाने उत्तर द्यायचं नसेल तर एकच वाट उरते, ती तिने धरली. रविवारी वडील न्हाव्याकडे गेले तेव्हा तिने हातमोजे घालून बाटली काढली, तेल दुसऱ्या डब्यात ओतलं, बाटली घासूनपुसून स्वच्छ केली आणि तिच्यात बाजारातलं गोडेतेल भरून जागच्या जागी ठेवली. डबा हातात घेतला तेव्हा तो तिला जड लागला. एवढंसं तेल आणि एवढं वजन? नेहमीचं तेल तर पाण्याहून हलकं असतं. एरवी तेवढ्या एका गोष्टीवर ती थांबली असती. पण चोरी करणाऱ्याला घाई असते, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदाच घाई झाली होती.

आता हा डबा टाकायचा कुठे? मोरीत ओतणं म्हणजे गावभर ओतणं. मातीत पुरणं म्हणजे तेच, जरा सावकाश. प्रयोगशाळेत द्यावा तर कुठून आला हे सांगावं लागणार. मग पांढरे संरक्षक कपडे चढवलेली माणसं घर तपासायला येणार, वस्ती दारात गोळा होणार, आणि वडिलांची म्हातारपणी शोभा होणार. ते तिला नको होतं. सोमवारी सकाळी ती शेडमध्ये सगळ्यांच्या आधी पोचली आणि दिवसभराचं तेल ज्या टाकीतून जातं त्या टाकीत डबा रिकामा करून मोकळी झाली. एवढ्या मोठ्या टाकीत एवढंसं तेल काय करणार, असं तिने स्वतःला सांगितलं. दारावर रंगवलेली अक्षरं आतल्या बाजूने दिसत नाहीत, हे एक बरं होतं.

यंत्र सुरू झालं. आच चढली, दाब चढला, सगळं नेहमीसारखं. मग बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आम्लपणा दाखवणारा काटा हलला. मीठताई स्टूलवरून उठली. काटा थांबेना. पाठोपाठ भोंगा वाजला, आणि यंत्राने आपणहून तेलाचा पुरवठा तोडला.

कारण काय ते तिला त्याच क्षणी कळलं. ते तेल जड होतं, म्हणजे टाकीत मिसळलंच नव्हतं, सरळ तळाशी जाऊन बसलं होतं, आणि पंप तळातूनच ओढतो. आज तपासलेल्या तेलात क्लोरीन थोडंच होतं, कॉस्टिक त्याच्यापुरतं धरलेलं, आणि नळीत गेला होता जवळपास निव्वळ क्लोरीनचा घास.

शेडचा प्रमुख एक इंजिनिअर होता, तिच्याहून वयाने बराच लहान, हळू बोलणारा. तो धावत आला. पंपावरचा माणूस म्हणाला, "पिंपाचा नंबर चुकला असेल." कॉस्टिकवाला म्हणाला, "माझं माप बरोबर आहे, शपथ घेतो." दोघांचे चेहरे उतरले होते. मीठताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"कुणाचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "सकाळी टाकीत मी तेल ओतलं. घरचं. न तपासलेलं."

इंजिनिअरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "ताई, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"हाकलला असता."

"मग?"

"मग मला हाकला. पण आधी ते गार होण्याचं वळण कापून बघू या. ते तुम्हाला एकट्याला जमायचं नाही."

इंजिनिअरला हसू आवरलं नाही, आणि तिथे तिची नोकरी वाचली. वळण कापलं तेव्हा नळी आतून बारीक बारीक टोचल्यासारखी दिसत होती. भोंगा जरा उशिरा वाजता तर फुटलीच असती. तेवढा तुकडा बदलून भागणार होतं. टाकीच्या तळातलं तेल प्रयोगशाळेत गेलं आणि दुपारपर्यंत उत्तर आलं: हे साध्या तेलात मिसळून पातळ झालेलं जुनं तेल नव्हतं, अस्सल होतं, आगीला न जुमानणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांत भरायचं ते.

"एवढंच होतं, की घरी अजून आहे?" इंजिनिअरने विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज नेहमीएवढा ठाम नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वडील गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. ती दारातच उभी राहिली.

"गोडेतेल चांगलं आहे," ते वर न बघता म्हणाले. "आमटीत घाल थोडं."

म्हणजे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. जन्मभर ज्या तेलात हात बुडवले त्याचा वास माणूस विसरेल कसा? मीठताई त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. चोरी, टाकी, भोंगा, कापलेली नळी. काही राखून ठेवलं नाही.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. "पण बाबा, पोर यायची आहे. मला दुसरं काही सुचलं नाही."

वडिलांनी बाटलीला बूच लावलं. "तुझा मोठा काका कशाने गेला, माहीत आहे?"

"कामावर अपघात झाला म्हणाला होतात."

"जळाला." त्यांनी तो शब्द सावकाश उच्चारला. "तेव्हा साधं तेल असायचं. ठिणगी पडली की भडका. दादा आणि मी एकाच टेबलावर होतो. मी तार आणायला बाहेर गेलो आणि परत आलो तर दार लाल झालेलं. त्यानंतर हे तेल आलं. मालकाने सगळ्यांना अंगणात बोलावलं, परातीत तेल ओतलं आणि वर पेटता बोळा टाकला. बोळा विझला, पोरी. तेलाने आग गिळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र तिथेच बसून रडलो. वर्षभर आधी आलं असतं तर दादा वाचला असता. त्यानंतर आमच्या वर्कशॉपमध्ये एकही माणूस जळाला नाही. आणि तू त्याला विष म्हणतेस."

इतकी वर्षं मीठताई ज्याला हट्ट म्हणत आली, ते हे होतं. तिला वडिलांबद्दल माया दाटून आली, आणि आपण कधी विचारलंच नाही याचं वाईट वाटलं. ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

मग वडिलांनीच विचारलं, आणि त्यांच्या आवाजात जुना कारागीर जागा झाला होता. "पण काय गं, ते खरंच जळतं?"

"जळतं."

"आगीत जळलं नाही ते पाण्यात जळतं?"

"उद्या चला. डोळ्यांनी बघा."

ते तयार झाले. नवं वळण बसवायला दोन दिवस लागले, तिसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. टाकीतलं तेच तेल आता पुरतं तपासलेलं होतं, पातळ केलेलं, कॉस्टिक मापात धरलेलं. वडिलांना संरक्षक काचेमागे खुर्ची दिली. बघण्यासारखं तसं काहीच नव्हतं, नळ्या आणि गेज, बस. पण ते काठीवर हनुवटी टेकून एकटक बघत होते. शेवटच्या नळीतून पाणी बाहेर पडायला लागलं. स्वच्छ, पिण्याच्या पाण्यासारखं दिसणारं. प्रयोगशाळेने ते तपासून विष उरलं नसल्याचा हिरवा कागद दिला तेव्हा मीठताईने काचेच्या पट्टीवर त्यातला एक थेंब घेतला आणि ती पट्टी गरम तव्यावर धरली. थेंब आटला. काचेवर पांढरं वर्तुळ उरलं.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"तेच. तुमचं तेल. आता मीठ झालंय."

त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"बाबा," मीठताई म्हणाली, "त्याने काम चोख केलं. कुणाला जळू दिलं नाही. पण त्याला मरण नव्हतं, म्हणून ते नको तिथे जाऊन बसलं. आता त्याला मोकळं करू या."

वडील पट्टी तिच्या हातात देऊन म्हणाले, "एक डबा अजून आहे. मोठा."

"कुठे?" मीठताईने विचारलं.

"बाटली त्यातून भरायचो. मागच्या खोलीत. भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर, गोधड्यांच्या मागे."

मागची खोली. तीच, जी तिने बाळासाठी रंगवून घेतली होती. त्या फळीवर तिला एक काळपट ओला डाग दिसला होता, आणि ओल आली असेल म्हणून तिने त्यावर फडकं मारलं होतं. पाळणा त्याच्याच समोर टांगायचा होता. वडिलांनी आपणहून सांगितलं नसतं तर ते तिला जन्मात कळलं नसतं, आणि ते तेल थेंबाथेंबाने त्या खोलीत पसरत राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं घरी आली. ज्या तमाशाला ती भीत होती तो सगळा झाला. वस्ती दारात जमली, शेजारीण खिडकीतून लटकली. वडिलांनी मात्र त्या तमाशाची गंमत करून टाकली. दारात खुर्ची टाकून बसले आणि जमलेल्यांना सांगत राहिले, "माझ्या पोरीचा कारखाना. आगीला जुमानत नाही ते पाण्याने मोडते ती." डबा उचलायची वेळ आली तेव्हा मात्र ते उठले. तो मी आणला, मीच देणार, म्हणाले. इंजिनिअरने मीठताईकडे पाहिलं. तिने मान डोलावली आणि जाड हातमोज्यांचा जोड काढला. आयुष्यात कधी हातमोजे न घातलेल्या माणसाने लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. तिने एकेक बोट सारखं करून मोजे चढवले.

फळी कापून नेली, भिंत खरवडली, फरशी पुसून पुसून तपासली. प्रयोगशाळेने घर स्वच्छ असल्याचं सांगितलं त्या दिवशी तिने लेकीला फोन केला.

लेक आली. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं, रागावलेलं. मीठताई म्हणाली, "मुठी बघा, माझ्यासारखाच स्वभाव होणार," आणि कुणी नाही म्हणालं नाही. लेकीने बाळ आजोबांकडे नेलं. ते खाटेवर बसले होते, नुकतीच दाढी केलेले, धुतलेला सदरा घातलेले. बाळाला बघून त्यांचा चेहरा खुलला, पण हात पुढे आले नाहीत. त्यांनी ते पाठीमागे नेले.

"घ्या ना आजोबा," लेक म्हणाली.

ते लेकीकडे बघेनात. मीठताईकडे बघत होते. साऱ्या जन्मात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी तेव्हा विचारलं, अगदी हळू.

"माझ्या हातात आहे का गं ते अजून?"

स्वतःच्या गुडघ्यांसाठी नाही, स्वतःच्या जिवासाठी नाही. त्यांना मीठताईच्या तोंडून एक ठाम शब्द हवा होता, आणि ठाम शब्द तिच्याकडे होता. तेल बंद होऊन बरेच दिवस झाले होते. हात साबणाने रोज तिच्यासमोर धुतले जात होते. हात पुसलेल्या फडक्याचा तुकडा तिने कुणाला न सांगता प्रयोगशाळेत देऊन आणला होता, आणि उत्तर तिच्या पिशवीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "तपासलंय मी. हात पुढे करा, बाबा."

त्यांनी हात पुढे केले, आणि लेकीने बाळ त्यांच्या हातात दिलं.